नऊ नंबरचे मोजे

पोस्टाच्या रांगेत शिवणाच्या बाईंच्या पुढे त्यांच्याच वर्गातल्या दोन मुली होत्या, आघाडीवर पाठवायच्या मोज्यांचं खोकं घेऊन. मागे कोण उभं आहे, याचा त्यांना पत्ता नव्हता.

"यंदाही सगळे नऊ नंबरचेच."

"बाई तेच माप देतात. त्यांच्या मुलाच्या पायाचं."

"त्याचं पत्र येऊन सहा महिने झाले ना?"

"हो. आणि छावणीतून आता सात नंबरची मागणी आलीय. नवी भरती झालेली पोरं लहान आहेत म्हणे."

"मग सांग की बाईंना."

"माझी जीभ रेटत नाही."

"मग काय करायचं?"

"शाळेत नऊचेच विणू. सातचे मी घरी विणते."

"मावशी, रांग पुढे सरकली," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुम्ही व्हा पुढे," बाई हळूच म्हणाल्या.