धाकटं कवच

सन्माननीय अध्यक्ष चुनीलालशेठ, व्यासपीठावरील मान्यवर, शहाद्याच्या या वाचनालयाचे सभासद आणि माझ्या रविवारच्या टेबलावरची मंडळी,

भिला, तुला आठवतं? पहिल्याच रविवारी तू नकाशावर चहा सांडलास. मी फडकं शोधत होते, तर कलीम म्हणाला, "राहू द्या बाई, तळं झालं!" तेच तळं आपण इतकी वर्षं ओलांडतोय.

शेठजी, आपण मघाशी म्हणालात, बाई मागच्या खोलीत मुलांचा खेळ खेळतात. मुलं कुठली? भिला एसटीत कंडक्टर, कलीम कूलर दुरुस्त करतो, शिखाचं कापडाचं दुकान. मी गोष्ट सांगते, हे तिघं त्यातली माणसं होतात, आणि कुणाचं काय साधलं, काय फसलं, ते फासे ठरवतात. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून कॉन्व्हेंटात शिकलेली मी गोष्ट सांगणाऱ्याच्या खुर्चीत बसले. आता ती बारीक अक्षरं दिसत नाहीत. इथे उभी आहे तर गुडघे तक्रार करतायत. थकले हो. लेक बडोद्याला बोलावते आहे, जाते.

पण डाव अर्धाच राहिलाय.

होळीच्या आधीचा रविवार. भिला तळ्यावरच्या पुलावर, समोर राक्षस. घाव अडावा म्हणून कलीमने भिलावर कवचाचा मंत्र टाकला. पाठोपाठ शिखाने तोच टाकला. त्याचं कवच पाच गुणांचं, तिचं तीन गुणांचं. शिखा म्हणाली, "आठ झाले!" मी पुस्तकातून वाचून सांगितलं, एकाच नावाच्या दोन मंत्रांची बेरीज होत नाही. मोठा असेल तोच लागतो.

"म्हणजे माझा फुकट गेला?"

त्यावर कलीम बोलून गेला, "भाभी, ये दुकान थोडी है, एक पे एक फ्री!"

सगळे हसले. शिखाने आपले फासे पर्समध्ये टाकले आणि उठली. मागून भिला ओरडतोय, "ओ बाई, मी मरी ऱ्हायनू का जगी ऱ्हायनू, ते तं सांगा!" तेव्हापासून टेबल मांडलंच नाही.

शिखा, तू शेवटच्या रांगेत, दाराशी बसली आहेस. दिसतेस मला. त्या दिवशी नियमाचं पुढचं वाक्य ऐकायला तू थांबली नाहीस. लहान मंत्र पुसला जात नाही. मोठ्याच्या खाली तो चालूच असतो. मोठ्याची मुदत सरली की तोच लागू. आमच्या बोर्डिंगात मदर असेपर्यंत सिस्टर ॲग्नेसची शिस्त कुणाला जाणवतही नसे. मदर गावाला गेल्या, तेव्हा कळलं, ती होतीच की! आणि मंत्र आधी कलीमने टाकला होता. मुदतही त्याचीच आधी संपते.

शेठजींचे, चहापाण्याची धावपळ करणाऱ्यांचे आभार. माझ्या हातून कुणाचं पात्र विनाकारण मेलं असेल, तर पोटात घाला.

आता वाटणी. नकाशा भिलाला, डाग त्याचाच आहे. माझे फासे कलीमला. त्यावर काही फ्री नाही. पुस्तक आणि खुर्ची शिखाला, तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा ताजं आहे. पुढच्या रविवारी टेबल तिने मांडावं. कलीमचं कवच संपलंय, शिखा. भिला अजून पुलावर उभा आहे, आणि त्याच्या अंगावर आता तुझंच आहे.