रावसाहेबांचा फोटो टाकला की...

...आन परत माऊसचा बाण हलंना! आता तुमीच सांगा, ह्यात माझी काय चूक? मोडनिंबात हायवेला माझं फ्लेक्सचं दुकान. कॉम्प्युटर माझा, गाळा रावसाहेबांचा, आन वाढदिवस सरपंचांचा! फ्लेक्स कसा असतोय तुमास्नी सांगाय नको. मधी सरपंच, मागं पळणारं घोडं, खाली शुभेच्छुकांची मुंडकी... ती बी मानानं लावायची बरं का, न्हायतर गावात भांडणं! सगळी मुंडकी गुमान बसली. शेवटी मानाच्या कोपऱ्यात रावसाहेबांचा फोटो टाकला, आन बाण हलंना! घोडं तितंच, सरपंच तितंच, मी बी तितंच!

बंद केलं, चालू केलं, परत मुंडकी लावली. रावसाहेब आले की बाण हलंना! शेजारचा वायंडिंगवाला म्हणतोय, "व्होल्टेज न्हाय." बायको म्हणती, "नजर लागली," आन कॉम्प्युटरच्या डब्यावर लिंबू ठिवून गेली. अक्कलकोटाकडचा आमचा रिपेरवाला तिप्पण्णा, त्याचं एकच औषध, "विंडोज मारावी लागंल री!" म्हंजी आतलं सगळं पुसून नव्यानं भरायचं. मारली. परत मारली. अवो, इतकं कुणी म्हशीला बी मारत न्हाय! तरी बाण हलंना!

तवर सरपंचांचा उजवा हात सिद्धेश्वर आला. खुर्ची वढून बघत बसला. रावसाहेब आले, बाण थांबला, आन ह्येचं डोळं चमाकलं. "कुंडलिक, मशीनला कळतंय ते आपल्याला कळंना व्हय? ह्यो माणूस आतनं आपला न्हायच! काढ त्येन्ला!" म्हनलं, "अवो, गाळामालक हायती माझं!" "उद्या वाढदिवस हाय, फ्लेक्स पायजे का न्हाय?" ...काढला. आन काय सांगू, मशीन असं पळालं, घोडं मागं पडलं!

सकाळी रावसाहेब चौकात. फ्लेक्स खालनं वर बघितला, वरनं खाली बघितला, घोड्याच्या मागं बी बघितलं. मग दुकानात येऊन लई थंड आवाजात, "कुंडलिकराव, आमी मेलो काय?"

तसाच फोन काढला, परत तिप्पण्णाला बोलावलं. आता ह्येला सुचलं डबा उघडायचं! आतनं मेमरीच्या दोन पट्ट्या काढल्या, खोडरबरानं घासल्या. एक एकटी बसवली, झकास. दुसरी एकटी बसवली, बाण हलंना! "ही पट्टी गेली री. फोटो कमी असताना हिला काम न्हाय. फोटो वाढलं की काम हिच्यावर येतंय, आन ही बसती. शेवटचा फोटो कुणाचा बी असू द्या!" कुणाचा बी! म्हंजी शेवटाला सरपंच टाकला असता तर सरपंच गेला असता व्हय?

पळत गेलो रावसाहेबांकडं. पट्टी हातावर ठिवली, म्हनलं, "मालक, ही दोषी! मी न्हाय!" त्यांनी चष्मा लावला, पट्टी उलटी केली, सुलटी केली, आन इचारलं, "ही कुणाच्या पार्टीची हाय?"

पट्टी खिशात घातली आन माघारी आलो.

नवी पट्टी बसवली. पहिली ऑर्डर कुणाची? रावसाहेबांची! हा एवढा मोठा फोटो, फेटा, गॉगल, मागं घोडं. फोटो टाकला, आन मी हात जोडले, "अडक रं बाबा, आज तरी अडक!" ...पर बाण आपला सुळसुळ, सुळसुळ! छापला, आन माझ्याच शटरवर माझ्याच हातानं लावला. फोटोखाली लिहिलंय, 'गाळा भाड्याने देणे आहे.'