न मारलेली हाक

सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्रशिक्षण केंद्राच्या प्राचार्या, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी आणि उद्या गाड्या चालवणाऱ्या प्रशिक्षणार्थी मित्रमैत्रिणींनो,

माझ्या या निवृत्ती समारंभात चौघे माझ्याबद्दल इतकं गोड बोलले की, हे नक्की कुणाविषयी चाललंय म्हणून बायकोनं दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं. "अडतीस वर्षांत एक डाग नाही," असं प्राचार्या म्हणाल्या. त्यांचं चुकलं नाही. माझ्या कागदावर डाग नाहीच. तो दुसऱ्याच्या कागदावर पडलाय.

गेल्या महिन्यात नातीला घेऊन वाफेच्या जुन्या इंजिनांचं उघड्यावरचं संग्रहालय पाहायला गेलो होतो. गवतात रुळांचे तुकडे टाकून अकरा इंजिनं उभी केली आहेत. मी ऐटीत माहिती देत चाललो होतो. आठव्या इंजिनाचा नंबर मात्र ओळखीचा निघाला. त्याच्यावर मी तरुणपणी फायरमन होतो. भट्टीत कोळसा टाकायचा आणि काचेच्या नळीत बॉयलरचं पाणी किती दिसतंय ते पाहत राहायचं, हे माझं काम. ड्रायव्हरला आम्ही सगळे काका म्हणायचो.

शिडीजवळ संग्रहालयात माहिती सांगायला नेमलेली चाळिशीतली एक बाई लोकांना सांगत होती, "हे इंजिन माझे बाबा चालवायचे. एकदा चढावर पाणी फार खाली गेलं. फायरमननं ओरडून सांगितलं, पण बाबांना ऐकू आलं नाही."

मित्रहो, फायरमननं ओरडून सांगितलंच नव्हतं. आठवड्यावर माझं लग्न आलं होतं. मी बाहेर बघत स्वप्नं रंगवत होतो, काचेकडे पाहिलंच नाही. पाणी उतरल्यानं भट्टीच्या छतातलं शिशाचं बूच वितळलं, वाफ भट्टीत घुसून दारातून बाहेर उसळली, काकांचा डावा हात भाजला. चौकशीत साहेबांनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मी हाक मारली होती, साहेब."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता खोटं पाडतील. ते म्हणाले, "पोरगा म्हणतोय म्हणजे मारली असेल. मलाच ऐकू आली नसेल."

त्यांना इंजिनावरून उतरवून भांडारात बसवलं. मी पुढे ड्रायव्हर झालो, मग तुमचा शिक्षक. त्यांच्या घरी एकदाही गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार होतो?

ती पुढे सांगत होती. बाबांनी तीनदा कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणायचे ठीक आहेत, बाबांना पटायचं नाही. समोरच्याकडे उजवा कान करून बसायचे, प्रत्येक गोष्ट दोनदा वदवून घ्यायचे. ऐकणारे हळहळले. नातीनं माझा हात ओढला आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही यांच्या बाबांना ओळखायचात का?"

मी नाही म्हटलं. त्याच इंजिनापायी दुसऱ्यांदा खोटं बोललो.

चार दिवसांनी एकटाच परत गेलो आणि तिला सगळं सांगितलं. काका सहा वर्षांपूर्वीच गेले होते. ती शिडीच्या पायरीवर बसली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मला एकटीला सांगून काय उपयोग? आईसमोर सांगा, आणि चार लोकांत सांगा. चार लोकांतच ते बहिरे ठरले होते."

त्या मायलेकी आज माझ्या विनंतीवरून इथे आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. माझा लेखी जबाब खिशात आहे, तो आत्ता अध्यक्षांच्या हाती देतो. त्याचं जे व्हायचं ते होवो.

काकू, काकांचे कान चांगले होते. मी हाक मारलीच नव्हती.

आपण हा समारंभ ठेवलात, एवढं ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही राहून गेलं, वावगं गेलं, तर सभेनं पदरात घ्यावं. बाकी जे चुकलं त्याची माफी इथून, माइकवरून मागता येण्यासारखी नाही. काकू, तुम्ही उठू नका. मी खाली येतो.