चिखलाच्या बोटांचं बटण

"ताई, एकाच बटणावर ॲप चालते कसं?"

बसमध्ये फोनवर स्मार्ट घड्याळातल्या, एकाच बटणावर चालणाऱ्या ॲपबद्दल बोलणाऱ्या अनोळखी बाईला हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली, अन् गुंजननं विचारलंच.

"चालते वं! मी तेच बनवते. तुले कायले पाहिजे?"

"शाळेच्या प्रदर्शनासाठी मीबी बनवलं, घड्याळावरून शेतातली मोटर बंद करायचं. पण धानाच्या रोवण्यात बाबाचं बोट चिखलानं भरलं का स्क्रीन ऐकतच नाही. उद्या नाव मागे घेऊन राहिली मी."

"काऊन? स्क्रीन सोड. बाजूचं बटण दाबून धरलं का मोटर बंद, अन् मनगटावर थरथर. पाहाचं कामच नाही!"

"बस्स, एवढंच?"

"एवढंच!"

गुंजन घरी पोचली ती पळतच. बाबा नुकतेच धानाच्या बांधीतून आले होते, आई पाणी ओतत होती.

"आई, बाबा, नाव मागे घेत नाही मी! अन् बाबा, थांबा, हात धुऊ नोका!"