फाटक्या कानाची मेंढी

चहा निवला तरी चालेल, आधी हे ऐका. आमच्या कॉलेजच्या फिल्मचं शूटिंग डाळजच्या माळावर चाललं होतं. मी दिग्दर्शक. हिरो मेंढ्यांबरोबर चालतोय, असा एक शॉट जेवणाआधी झाला, पुढचा जेवल्यावर लावला. ऊन उतरत होतं, मी घाईत. तेवढ्यात ज्यांच्या मेंढ्या आणल्या होत्या ते तात्या म्हणाले, "थांबा. मघाशी फाटक्या कानाची पुढं हुती. आता ती मागं हाय."

"तात्या, दोनशे मेंढ्यांत कुणाला कळतंय?"

"गावात दावणार हाय न्हवं? मग समद्यांना कळंल."

त्यांनी जिभेनं टकटक आवाज काढला. ती मेंढी गर्दीतून वाट काढत आली आणि मघाच्याच जागी उभी राहिली. मी बघतच राहिलो.

गावात फिल्म दाखवली तेव्हा एक म्हातारी खरंच म्हणाली, "फाटक्या कानाची बघा, कशी ऐटीत पुढं चाललीया."

पडद्यावर त्या मेंढीशेजारी हिरोचा निळा शर्ट मधेच पांढरा झाला होता. जेवताना रस्सा सांडला म्हणून त्यानं बदललेला.

"तात्या, हे तेव्हा नाही दिसलं तुम्हाला?"

"दिसलं की. पर माणसं तुमच्याकडं हुती, मेंढरं माझ्याकडं."