मेव्हण्याचा दोर

नाय नाय, शिडीचीच वाट जवळची — ती बघा करवंदाची जाळी, तिच्या मागं शिडी, शिडी चढलात का वाडीच, धा मिनटं. लांबची वाट कशाला घेता? ती पार वढ्याला वळसा घालून जाते, दीड तास, आनि ह्या उनाचं! आदी पानी प्या. घ्या, मडक्यातलं हाय. — मला कसं कळलं तुमी पास्टर ते? अवो, कळंबला टमटममधनं उतरलात तवाच वर फोन गेला. खांद्याला पिशवी, पायात बूट — हिकडं बूट घालून येतो तो एकतर फार्महाउसवाला, नायतर जंगलखात्याचा, नायतर तुमी. मंग मला हितं बसवलं, पाव्हन्याला वाट दाखव म्हनून. पाव्हना चुकाया नको ना.

मी हिरामन. वाडीतलाच. ललिता माजी धाकटी भन — हां, तीच, विकासची बायको, तिच्याच घरी चाल्लाव ना तुमी, रयवारच्या प्रार्थनेला? माहीत हाय. विकास गेल्यापासनं वरीसभर बंद व्हतं सगळं. आता तिनं परत दार उघडलंय, पाच-सात बाया जमतात, वाचते ती, पन अर्थ उकलून सांगनारं कोन नाय. म्हनून तिनं तुमाला — नाय? तिनं नाय बोलावलं? मंग कोनी? — आसं. देवानं. — हसत नाय हो मी, माजे दातच म्होरं हायेत. बोला. कुंभिवलीच्या कारखान्यात पर्मनंट व्हतात? पर्मनंट! आनि सोडली? आमची मानसं तितं गेटावर ठेकेदाराच्या पायाशी बसतात एका दिसाच्या कामासाठी, आनि तुमी — बरं, बायको माहेरी गेली, खोली गेली, तरी आलाव. आनि चालू मशीनच्या आवाजात नावानं हाक आली. दोनदा. — नाय, खोटं कशाला म्हनू? विकास बी हेच सांगायचा. म्हनायचा, कड्यावर लोंबकळत व्हतो, कानात माश्यांचा आवाज, आनि त्यातनं कोनतरी नाव घेतलं. दुसरं कोन आसंल तितं? मी व्हतो, पन मी वर.

तुमाला मध काडायचं माहीत नसंल. आगी मोहोळ कड्याच्या पोटाला आसतं. वरनं दोर सोडायचा, दोराला मानूस, त्याच्या हातात धुराची चूड. आनि वर दोर कोनी धरायचा? — भावानं? नाय! भावानं कदीच नाय, भावाची नजर वाटनीवर आसती. दोर धरायचा मेवन्यानं. बायकोच्या भावानं. का? तर त्यानं सोडला तर त्याच्याच भनीचं कुकू पुसलं जाईल. म्हनून तो सोडत नाय. आमच्यात लगीन ठरवताना पोरीचा भाऊ बघतात, त्याचे हात दाबून बघतात. माजे दाबले व्हते. बारा वर्सं मी विकासचा दोर धरला — खालनं हाक यायची, हिरामनऽ, सोड, हिरामनऽ, वढ. हे बघा, हे वळ. जात नायत आता.

मंग त्याला ताप आला, कर्जतला दवाखान्यात धा दिस. शेजारच्या खाटंवरची एक म्हातारी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. परत आला तो येगळाच मानूस. दारू सुटली — चांगलंच झालं. ललिताला मारायचा, ते सुटलं — ते बी चांगलंच, मी नाय म्हनत नाय, भन माजी हाय. चाळिशीत अक्षरं शिकला, तिच्याकडनं. पन कड्यावर जायच्या आदी आमी मोहोळाच्या देवाला कोंबडा देतो, तो त्यानं दिला नाय. म्हनला, ज्याचा हाय त्याला सांगून आलोय. एक वरीस नाय दिला, दुसऱ्या वर्साला नाय. तिसऱ्याला कमळ्याच्या — कमळ्या भगत, वाडी त्याच्या शब्दावर चालती — त्याच्या भावाला माश्या लागल्या, गेला तो. विकास त्या दिशी तितं नव्हताच! पन बोट कुनाकडं जानार? झऱ्यावरचं त्याचं पानी बंद झालं. शेळी मेली, कशी ते इचारू नका. त्याच्याशी कोन बोलंना. आनि हा रयवारी दार सताड उघडून गातोय! मी पाया पडलो त्याच्या, पास्टर. म्हनलं, मनात ठेव, मनातलं कोन बघतंय? तर म्हनला, ज्यानं हाक मारली त्याला ओ द्यायला नको का, हिरामन?

मंग कमळ्यानं सांगितलं, जो ह्याचा दोर धरील त्याच्या घरच्या हळदीला वाडी जानार नाय. माज्या भागीचं लगीन पंधरा दिसांवर आलेलं. कळतंय ना? वाडी नाय तर मांडव कोन घालनार, गानं कोन म्हननार, सोयरे परत जातील, पोर जनमभर माज्याकडं बघंल. तुमाला नाय कळायचं, तुमी एकटे हाय.

पडला कसा? — त्यानं दोर ह्या म्होरल्या कड्यावरच्या ऐनाच्या झाडाला बांधला आनि एकलाच उतरला. घरात दानं नव्हतं, करील काय? गाठ सुटली. मेवना नसला का हे आसंच व्हतं. — मी? मी घरी व्हतो. भागीच्या लग्नाची लाकडं फोडत व्हतो. त्यानं तीन हाका मारल्या, वाट बघितली, परत एकदा करवंदाकडं बघितलं, मंग चूड पेटवली आनि —

काय?

घरापातुर हाक कशी आली म्हनता?

— पानी संपलं काय? आजून देतो. — बरं. व्हतो. करवंदाच्या जाळीमागं व्हतो, ती तितंच, ती बघा. जायचंच म्हनून निघालो व्हतो घरनं, देवाशप्पत, तुमच्या देवाची बी शप्पत. आनि तितं बसलो. उटताच येईना. पयली हाक जोरात मारली त्यानं. दुसरी जरा हळू. तिसऱ्या टायमाला तो मोट्यानं बोललाच नाय, शेजारी बसल्यावानी बोलला, हिरामन, आसशील तर ये. त्याला माहीत व्हतं मी तितं हाय. — भागीची हळद झाली. सगळी वाडी आली, नाचली, जेवली. माज्या हाताला हळद लावली. आनि तवापासनं, पास्टर, रोज. लाकडं फोडताना, जेवताना, आता तुमी आलाव तवा बी. तुमाला आलेल्या हाकंला तुमी देव म्हनता. मला येती ती कोनाची, सांगा की. पुस्तकात आसंल तर सांगा.

आसं बघू नका माज्याकडं. — उटलाव कुटं? — नाय, तिकडं नको! थांबा! शिडीनं नका जाऊ. — मीच म्हनलो व्हतो, हां, आता मीच सांगतोय नका जाऊ. शिडीचा वरचा बांध सुटलाय. — सुटलाय म्हंजे सोडलाय. काल सांजच्याला. नुसती टेकवून ठेवलीय. — अवो जीव घ्यायचा नव्हता कुनाचा! पाय मोडंल, परत जाईल, मंग दुसरा कोन यायचा नाय, इतकंच. वाडीतले म्हनले, हिरामन, तूच सोड, तुजा हात बसलाय. बसलाय म्हनले. मी कोयता घेतला आनि गेलो.

परत जावा. कळंबला टमटम हाय बारापातुर. तुमची बायको बोलवा, कारखान्यात जावा, पाया पडा सायबाच्या. — नाय जानार? ललिता वाट बघतीय? बघू द्या, तिला सवय हाय. — मी? मी कशाला येऊ तुमच्यासंगं? मी तुमचा कोन लागतो? काय तोंड घेऊन तिच्या दारात उभा ऱ्हाऊ? — नाय. ती मला भाऊ म्हनती आजून. ते ऱ्हाऊ द्या.

मंग वढ्याच्या वाटनं जावा. तितं कोन बसलंय का ते मला सांगितलेलं नाय. पानी पिऊन झालं, वाट सांगून झाली, आता मी तुमाला बघितलंच नाय. एकच करा. वढ्यापाशी अडलात, पाय घसरला, कोन आडवं आलं — कायबी होऊ द्या, मला नावानं हाक मारू नका. दुसरं कायबी म्हना. नावानं नको. मी ओ देत नाय कुनाला.

जावा.

जावा की.