परड्यातले काजूचे पान

खऱ्याखोट्याचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगते. रत्नागिरीला असताना मी जीवाश्म जमवीत असे. विहिरी खणणारा धोंडू जांभ्या दगडाखालच्या निळ्या मातीत सापडलेले पुरातन पानांचे ठसे मला आणून विके. असे सहा ठसे दुसऱ्या दिवशीच्या आगबोटीने मुंबईला माझ्या प्राध्यापकांकडे जायचे होते. पेटी भरताना सहाव्यावर नजर अडखळली.

"धोंडू, हे तर काजूचं पान! काजू इकडे फिरंग्यांनी आणला. तो इतक्या खोल विहिरीत कसा?"

"विहिरीत नाय बाईसाहेब, माज्या घरामागं परड्यात हाय," तो शांतपणे म्हणाला. "विहिरीतली पानं फाटकी निगतात, तुमी नाक मुरडता. म्हणून मीच एक ओल्या मातीत दाबून वाळवलं."

"आणि बाकीचे पाच?"

त्याने पाचही ठसे उजेडात धरून निरखले आणि सर्वांत सुबक ठसा अभिमानाने बाजूला काढला. "ह्यो माजा."

तसल्या पानाचे झाड मला कोकणात कुठेच आढळले नव्हते. "मग हे पान कुठून तोडलंस?"

धोंडूने तो ठसा पुन्हा उजेडात धरला, उलटसुलट केला आणि परत बाकीच्यांत ठेवला. "तुमी शिकलेल्या, बाईसाहेब. तुमीच सांगा, मी केलेला कुठला?"

आगबोट गेली. पेटी अजून माझ्याकडेच आहे.